बिनपडद्याची गिटार

१२ जुलै २०१४, शनि.

घेतली एकदाची. पाया लेबार भागातल्या एका चिनी गृहस्थाच्या घरून, जुनी बेस गिटार. चार तारा, आवाज थेट तळघरातला. घरी आणून सईला दाखवली. सई तेरा वर्षांची. एक नजर टाकली आणि हसतच सुटली. "बाबा, दिस वन फ्रेटलेस ला. यू डिडन्ट सी?" खरंच, मानेवर पडदेच नाहीत. गुळगुळीत काळं लाकूड, बोट कुठे ठेवायचं याची एकही खूण नाही. अठरा वर्षं जहाजांची इंजिनं तपासलेला माणूस मी, आणि पिशवीची चेन नीट लागते का हे बघण्याच्या नादात हे बघितलं नाही.

मंजिरी म्हणाली, "उद्याच परत देऊन ये." नाही देणार. पोटाशी धरून जाड तार छेडली तर बरगड्यांत घुमली. जहाजावर चोवीस तास पायाखाली असते तशी थरथर. जहाज सोडून तीन वर्षं झाली, अजून तिच्यावाचून धड झोप लागत नाही. हे मंजिरीला सांगितलं नाही. (यापुढे मं. लिहीन, हात दुखतो.)

१५ जुलै, मंगळ.

तांजोंग पगारचं ऑफिस, एकविसावा मजला. दहा जहाजांची इंजिनं फोनवरून आणि ईमेलवरून सांभाळायची, याला सुपरिंटेंडंट म्हणतात. काचेतून बंदर दिसतं. क्रेन हलतात, जहाजं सरकतात, सगळं मुक्याने. दिवसभर जागेवर बसवत नाही. चार वेळा कॉफी आणायला उठलो, दोनदा कॉफी नकोच होती.

दुपारी वरून विचारणा: नोव्हेंबरात एका गॅस टँकरला चीफ इंजिनिअर हवा, जाणार का? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. घरी आल्यावर मं.ला सांगितलं. "विचारत नाहीयेस, सांगतोयस," म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

ऑक्टोबरअखेर मेडिकल. त्यात कान तपासतात.

कानाचं कोणालाच बोललेलो नाही. इथे एकदा लिहून टाकतो. उजवा बराच गेलाय. डावा ठीक, पण बारीक, वरचे आवाज त्यातूनही निसटतात. बस्स. पुन्हा लिहिणार नाही.

२६ जुलै, शनि.

मास्तर मिळाला. बेडोकलाच, आमच्यापासून चार ब्लॉक पलीकडे. साठीचा मलय माणूस, हॉटेलांच्या लाउंजमध्ये तीस वर्षं बेस वाजवलेला. सगळे त्याला चेगू म्हणतात, म्हणजे मास्तरच. मला चीफ म्हणतो.

तासभर एकच सूर. एक बोट, एक तार. मी बोट ठेवायचं, त्याने मान हलवायची. "लिटिल बिट मोअर, चीफ. टू मच. लिटिल बिट बॅक." केसभर इकडे की केसभर तिकडे, मला फरक कळत नव्हता. त्याच्या भुवया बघून अंदाज घेत होतो. शेवटी तो चक्क पाठ करून उभा राहिला. लबाड आहे.

३ ऑगस्ट, रवि.

प्रश्न सुटला! व्हर्नियर काढला. तारेची लांबी मोजली, प्रत्येक सुराची जागा गणिताने काढली आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक, मानेच्या कडेला पांढऱ्या मार्करने ठिपके दिले. तारा जुळवायला एक चिमट्याचा ट्यूनर आणलाय. बरोबर लागली की हिरवा दिवा. आता ठिपक्यावर बोट ठेवायचं की सूर हजर. भुवयांची गरज नाही. दिवसभर वाजवलं. मं. तीनदा येऊन दार लावून गेली.

९ ऑगस्ट, शनि.

इथला नॅशनल डे. डोक्यावरून विमानं जात होती तरी चेगूने सुट्टी दिली नाही. ठिपक्यांवरून बोट फिरवून पाहिलं. मग, "व्हेरी ब्यूटिफुल वर्क, चीफ. बट यू लुकिंग. नॉट लिसनिंग." मी म्हटलं, सूर तर बरोबर येतोय ना? "टुडे, कॅन," म्हणाला.

टुडे कॅन म्हणजे काय ते विचारलं नाही. राग आला होता.

२४ ऑगस्ट, रवि.

आमच्या मराठी मंडळातल्या शुभदावहिनी दिवाळी पहाट बसवतायत, त्यांच्याच कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये. दहा गाणी. त्या गाणार, तबला, पेटी, आणि खाली भरायला मी. "भावजी, तुमच्या त्या गिटारने कसं भारदस्त वाटेल," म्हणाल्या. फुगलो. वहिनींची पट्टी काळी चार, त्याप्रमाणे ठिपक्यांवर नंबर घातले. पेटीवाले जोगळेकर पुण्याला गेलेत, ते थेट दिवाळीच्या तोंडावर येतील. तोवर सराव फोनवरच्या तानपुऱ्यावर.

बेडरूममधला एसी बदलला. मं. दोनेक वर्षं माझ्या डावीकडे झोपते, उजवीकडे वारा लागतो म्हणून. नवा एसी दुसऱ्या भिंतीवर आहे. म्हटलं, ये आता आपल्या जागेवर. "राहू दे, सवय झाली."

सईचं एक नवीन खूळ. हाक मारत नाही, येऊन शर्ट ओढते. वाढतं वय.

११ सप्टें., गुरु.

लाँचने बाहेरच्या नांगरवाड्यावर गेलो, आमच्या एका जहाजाची तपासणी. इंजिन रूममध्ये उतरलो आणि जिवात जीव आला. उकाडा, तेलाचा वास, पायाखाली थरथर. किती दिवसांनी!

चालू जनरेटरच्या टर्बोचार्जरपाशी सेकंड इंजिनिअर थांबला. बिहारचा आहे, शांत माणूस. कानाशी येऊन ओरडला, "सर, ये सीटी सुन रहे हैं? कल से है।" मी मान डोलावली. कसली शिटी, मला काहीच नाही. लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली, आमची जुनी रीत. खालची गुरगुर लख्ख आली. शिटी नाहीच. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"ऑब्झर्व्ह करो," म्हणालो.

ऑब्झर्व्ह करो! बारा माणसं त्याच जहाजावर झोपतात.

१३ सप्टें., शनि.

त्याचा ईमेल. वाट न बघता त्याने दुसरा जनरेटर लावला आणि तो टर्बो उघडला. बेअरिंगचा पार भुगा. आणखी दोन दिवस चालवला असता तर तुकडे उडाले असते. रिपोर्टात लिहिलंय, सुपरिंटेंडंटच्या तपासणीत वेळीच लक्षात आलं. माझं नाव घातलंय. भला माणूस.

ऑफिसात अभिनंदनं झाली. मी थँक यू म्हणालो. प्रत्येकाला.

२ ऑक्टो., गुरु.

फूड कोर्टमध्ये एक जुना गोवेकर चीफ भेटला. बोलता बोलता मेडिकलचा विषय. म्हणाला, "त्यात काय? काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तू बाहेरच्या बाईचा खांदा बघ. तिने आवाज सोडला की खांदा हलतो. हलला की दाब. मी तीनदा असाच पास झालोय."

हसलो दोघंही. घरी येईपर्यंत डोक्यातून खांदा जाईना.

१८ ऑक्टो., शनि.

उद्या पहाट. दहाही गाणी पाठ. बोटं ठिपक्यांवर आपोआप जातात. कुर्त्याला इस्त्री स्वतः केली. मं. म्हणते, लग्नात एवढा उत्साह नव्हता.

१९ ऑक्टो., रवि.

झालं! साडेसहाला सुरू. ऐंशीएक माणसं, उटण्याचा वास, बाहेर फराळाची ताटं. जोगळेकरांनी आजोबांची जुनी पेटी आणली होती. तबलेवाला दहा मिनिटं हातोडी घेऊन पेटीशी जुळवत बसला. मी ट्यूनर लावला, चारही तारांना हिरवा दिवा, अर्ध्या मिनिटात मोकळा. इतका आरामात कधी वाजवलं नव्हतं. सगळं अंग घुमत होतं. सातव्या गाण्याला डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. शेवटी वहिनी म्हणाल्या, "छान साथ दिलीत, भावजी," आणि लगेच चकल्यांकडे वळल्या. जोगळेकर काही बोलले नाहीत. दमले असतील.

२० ऑक्टो., सोम.

सकाळी सईला सहज विचारलं, सातवं गाणं कसं झालं गं? ती मं.कडे बघायला लागली. मग, "बाबा, दे म्यूटेड यू. आफ्टर थर्ड साँग. यू रिअली डिडन्ट नो?"

मिक्सरवाल्याने माझा आवाज बंद केला होता. वहिनींनीच खूण केली म्हणे. जोगळेकरांची पेटी जुनी, सगळी थोडी उतरलेली. सगळे तिच्याशी जुळवून बसले होते, मी तेवढा ट्यूनरशी. पहिली तीन गाणी मी सरळ चढा वाजत होतो, ऐंशी माणसांसमोर, ठिपक्यांवर अचूक. पुढची सात वाजतच नव्हतो. आणि मला पत्ता नाही. गिटार पोटात घुमत होती, मला वाटलं हॉलभर घुमतेय.

सईवर ओरडलो. काल का नाही सांगितलंस म्हणून. ती रडत शाळेला गेली. मं. समोर येऊन बसली.

"तिच्यावर काय ओरडतोस? ती तुला हाक मारत नाही, येऊन शर्ट ओढते, ते का? तुला ऐकू येत नाही हे आम्हाला दोन वर्षं माहीत आहे. म्हणून मी डावीकडे झोपते. रस्त्यानेही डावीकडून चालते. एसीचं तुला सांगितलं, कारण तू मान्य केलं नसतंस."

ऑफिसला गेलो. दिवसभर काय केलं आठवत नाही.

दोन वर्षं. मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि त्या दोघी मला सांभाळून घेत होत्या. लाज वाटते. राग पण येतो, कोणाचा ते कळत नाही.

२२ ऑक्टो., बुध.

दिवाळीची सुट्टी. सईची माफी मागितली. "इट्स ओके ला," म्हणाली, माझ्या डाव्या कानाशी, मोठ्याने. मग तिच्याच नेलपॉलिश रिमूव्हरने ठिपके पुसले. नंबरांसकट. अर्धा तास लागला, पक्के बसले होते.

फोनवर तानपुरा लावून गिटार पोटाशी धरली. ठिपके गेल्यावर आंधळ्यासारखं. कुठेतरी बोट ठेवलं. दोन सूर एकमेकांच्या जवळ, पण एक नाहीत, आणि त्यांच्यामध्ये वांव, वांव, वांव अशा लाटा. हे मला माहीत आहे! दोन जनरेटर एका वेगावर यायच्या बेतात असले की असंच होतं. बोट सरकवलं तशा लाटा संथ झाल्या. वां...व. वां.....व. मग थांबल्याच. एकच सूर. छातीत सुद्धा एकच.

पुन्हा केलं. वीसेक वेळा केलं. बारा वेळा जमलं.

२६ ऑक्टो., रवि.

चेगूकडे. ठिपके नाहीत हे त्याने पाहिलं. खोलीतला पियानो एका सुरावर धरला, मी डोळे मिटून लाटा शोधल्या. थांबल्या तेव्हा तो "हं" म्हणाला. तीन महिन्यांतला पहिला हं.

निघताना त्याला कानाचं सांगितलं. शिटीचं, जहाजाचं, खांद्याचंही. मं.च्या आधी त्याला का सांगितलं कोण जाणे. त्याने चहा पुढे केला. "बेस, यू कॅन हिअर. दॅट शिप, आय डोन्ट नो, चीफ. हू स्लीपिंग देअर?"

बारा माणसं. गॅस टँकरवर पंचवीस.

पण मग इथेच? एकविसावा मजला, मुकं बंदर, निवृत्त होईपर्यंत? दुसरं काही येत नाही मला.

२९ ऑक्टो., बुध.

दोनदा ईमेल लिहिला, जात नाही म्हणून. दोनदा पुसला. काय सांगावं, रिपोर्ट चांगला आलाही असता. असं वाटतं आणि मग तो सेकंड इंजिनिअर आठवतो, माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिलेला. उद्या मेडिकल.

३० ऑक्टो., गुरु.

क्लिनिक. पाणी पिऊन पिऊन तीनदा जाऊन आलो. मं. रजा काढून आलीय, नको म्हटलं तरी. माझ्या डावीकडे बसलीय.

काचेची खोली इथून दिसते. आत खुर्ची, तोंड काचेकडे. बाहेर टेबलाशी एक बाई, पाठमोरी. तिचा उजवा खांदा खरंच हलतो. स्पष्ट. आंधळ्यालाही दिसेल.

मं.ला खांद्याचं सांगून टाकलं. ती मासिक चाळत होती. वर न बघता म्हणाली, "मग?" मला वाटलं होतं, रागावेल. रागावली असती तर सोपं होतं.

खुर्चीला चाकं आहेत. भिंतीकडे फिरवून बसता येईल. की आपण फिरवली तर ओरडतील? विचारता येईल. विचारलं तर पाहिजे. माझ्याआधी दोघं होते, दोघंही आत जाऊन बाहेर आले, म्हणजे आता

मं.ने कोपर मारलं. माझं नाव तिसऱ्यांदा पुकारतायत म्हणे.