श्वास सोडा म्हणायचं राहिलं

प्रिय कुणाली,

श्वास घ्या, धरून ठेवा, असं म्हणालीस आणि सोडा म्हणायचं विसरलीस! दिवाळीआधीची गोष्ट. शहापूरच्या दवाखान्यात, सोनोग्राफीच्या त्या गार खोलीत मी फुगलेल्या बेडकीसारखी पडलेली, आणि तू पडद्याला डोळे लावून माझं लिव्हर शोधतेयस. शेवटी तुझ्या मॅडमच म्हणाल्या, अगं, आजींना श्वास घेऊ दे. विसरण्यात तू थेट आजोबांवर गेलीस. माझे तीन डबे अजून तुझ्या हॉस्टेलात पडलेत, आणि गेलेला डबा रिकामा परत येत नसतो, हे तरी आठवतंय का गो?

अंगणवाडीची प्रेमा लिहून घेतेय. फोन केला असता, पण फोनवर मला ओरडावं लागतं, आवाज पलीकडच्या पडवीत जातो आणि पलीकडे माधुरी राहते. नाक्यावरची जीप भरायला अर्धा तास आहे, तेवढ्यात उरकायचंय.

तू विचारायचीस, मशीन नसताना तुला पोटातलं कसं कळायचं? हाताने. तेल तळव्यावर चोळून कोमट करायचं, मग हात ठेवायचा. डोकं कुठे, पाठ कुठे, सगळं बोटांना लागायचं. तू ती गार जेली माझ्या पोटावर तशीच ओतलीस तेव्हा अंगावर काटा आला होता. असो, शिकशील. आता दवाखाने झाले, बरंच झालं. मी कोणाच्या पोटाला हात लावत नाय. प्रेमानेच तशी ताकीद दिलीय.

त्या दिवशी मॅडम तुम्हा मुलींना सांगत होत्या, पडद्यावर काहीही दिसो, चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही, सांगायचं ते डॉक्टर सांगतील. तुझा चेहरा एवढासा झाला. मी हसले होते. सुईणपणाच्या पहिल्याच वर्षी मला ते शिकावं लागलं होतं, फक्त माझ्यामागे सांगायला डॉक्टर नव्हता.

इतका वेळ इकडचंतिकडचं बोलतेय. प्रेमा म्हणते, आजी, आता सांग.

आज सकाळी माधुरी येऊन बसली. आठवा सरत आलाय. बाळ कालपासून गप्प आहे, म्हणाली, मुरबाडची तपासणीची तारीख सोमवारची आहे, तू जरा बघ ना. मी नाय म्हणायला हवं होतं. तेल कोमट केलं, हात ठेवला. हात नुसताच राहिला गो. आतून कोणी ढकललं नाय. तिने विचारलं, झोपलंय का? मी म्हटलं, झोपलंय. वर हसलेसुद्धा.

शहापूरला कुणालीला डबा पोचवायचाय, प्रेमा येतेय सोबत, तिथेच आज तपासून घे, असं सांगून तिला साडी बदलायला धाडलंय. तिचा नवरा सूरज वाशिंदच्या कारखान्यातून परस्पर तिकडे येतोय, त्यालाही कारण सांगितलं नाय. हे पाकीट भाताने चिकटवून प्रेमाच्या पिशवीत देतेय. तू वाच आणि आधी डॉक्टरांना गाठ, तिला रांगेत बसवू नको.

माझे हात म्हातारे झालेत, चुकतही असतील. जन्मभर ते चुकू नयेत म्हणून देवाला हात जोडले, आज उलटं मागतेय. पुढचं तुझ्या हातात नाय, माझ्याही नाय. तू एवढंच कर, जेलीची बाटली आधी तळव्यात धरून कोमट कर, आणि डॉक्टर बघत असतील तेव्हा तिचा हात सोडू नको.

प्रेमा संध्याकाळी परत येईल. तिला मी काही विचारणार नाय, माझ्याने विचारवणार नाय. डबा तिच्याकडे दे. तोवर मी श्वास धरून बसलेय. बाळाचे ठोके चालू असतील तर डब्यात चार पेढे घाल. नसतील तर मूठभर तांदूळ घाल. रिकामा मात्र धाडू नको.

तुझीच,
भागीरथी आजी