मावशी, पाय वर घे

२ मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटं
चेहऱ्याला साबण आणि नळ कोरडा! कालच इथं राहायला आले. तळमजला, खिडकीत ऊन, गुडघ्यांना जिना नाही. वर तिसऱ्या मजल्यावर माझी भाची. हे घर तिनंच बघून दिलं. सगळं झकास, आणि पहिल्याच सकाळी हा आचरटपणा. माझ्या घराखाली तळघरात पाण्याचा पंप आहे, तो बंद पडला म्हणे.

४ मार्च
मिस्त्री आला. मला आजी म्हणाला. मी कुणाचीही आजी नाही, हे त्याला ऐकवलं. पंपाची मोटर चालवणारा ड्राइव्ह ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून बंद होतो; म्हणजे करंट कुठंतरी जमिनीत उतरतोय. मोटरच्या वायरी सोडल्या की ड्राइव्ह गप्प, जोडल्या की पुन्हा बोंब. त्यानं मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं काट्याचं यंत्र, लावून वायरी तपासल्या, मोटर तपासली. इन्सुलेशन ठणठणीत. तरी दोन्ही नव्या घातल्या. फॉल्ट तसाच. मग काय दिवे लावलेत, असं मी विचारलंच.

६ मार्च
दुपारी पाय वर घेऊन पेपर वाचत होते, तर खाली पंप सुरू. मिस्त्रीला दार उघडायला उतरले, बंद. त्यानं मला पुन्हा पाय वर घ्यायला सांगितले: सुरू. रबरी चपला घालून उभी राहिले, तरी बंद. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी दोन्ही पाय जमिनीला टेकवून ताठ बसायला शिकवलं, आणि आता साठी उलटल्यावर हा मला पलंगावर मांडी घालायला लावतोय! भाचीला हसू आवरेना.

८ मार्च
गाशा गुंडाळून निघाले. रिक्षात होते तोवर पंप चालला. स्टँडवर उतरले आणि बंद. लगेच भाचीचा फोन: मावशी, डोक्याला शॅम्पू लावलाय गं, पाय वर घे ना. मागोमाग शेजारी आले. मला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून घरी आणलं. कुणी हसलं नाही.

१० मार्च
दाराला बाहेरून कडी. पाय टेकला की सगळे मजले रिकाम्या बादल्या आपटतात. भाचीचीही बादली ओळखू येते.

११ मार्च
मेगरचा एक चिमटा पाइपला, एक माझ्या पायाच्या अंगठ्याला. काटा शून्यावर. इन्सुलेशन गेलंय, असं मिस्त्री भाचीला म्हणाला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग माझ्या पायांना वार्निश, वर काळी टेप. वाळेपर्यंत हलवू नका, हेही तिलाच.

१२ मार्च
टेप मांडीपर्यंत. पाय माझे वाटत नाहीत. तरी पंप थांबला — हात भिंतीला लागला होता —

१३ मार्च
डावा हात गुंडाळून झाला. आता मिस्त्री उजवा मागतोय. भाची म्हणते, हट्ट करू नकोस, मावशी, टाकी भरली की काढू. टाकी भरते कधी? — ऐका सगळे. मी इथली भाडेकरू आहे की तुमच्या पंपाचा सुटा भाग? लेखी उत्तर हवं. सहीनिशी. उद्या सकाळी दहाच्या आत, माझ्या हाता—