जांभळाच्या रोपांवरचं गोणपाट

आई, बेलवलीच्या घरामागे मांडवाखाली तू जांभळाची रोपं करायचीस, त्या मांडवाबद्दल एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तिच्यापायी एका बाईचं काम गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं.

त्या उन्हाळ्यात मावशीच्या आजारपणासाठी तू महिनाभर गावी गेलीस. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात, सकाळी सातलाच बाहेर. मी एकोणीस वर्षांची, उल्हासनगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलेली, म्हणजे तुझ्यापेक्षा शहाणी. निघताना तू माझा हात रोपांवर आडवा धरलास. "खाली सावलीत पाची बोटं वेगळी दिसतात ना? तेवढं ऊन हवंच. दर चार दिवसांनी एक झावळी काढ. पावसात उघड्यावर जायचंय त्यांना." मी मान डोलावली. पण भर दुपारी रोपं माना टाकायची, ते मला बघवेना. झावळ्या काढायच्या सोडून मी वर गोणपाटं बांधली आणि प्रत्येक पिशवीत चिमूटभर युरिया टाकला. बारवी धरणाकडच्या वाडीवरून पाणी घालायला यायची ती बाई म्हणाली, "ताय, येवरा झाकू नुको. पोरां आंधली होतील." मी तिला हरितद्रव्यावर व्याख्यान दिलं. कमरेवर भरला हंडा घेऊन तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बरां. आता पानी घालू?"

तीन आठवड्यांत रोपं सरसर वर गेली. पानं रुंद, गडद हिरवी; मला वाटलं, पोटभर जेवलेली आहेत. तू परतलीस त्याच दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प पाचचे शेठ आले. शाळेच्या कुंपणालगत लावायला त्यांनी दोनशे रोपं सांगून ठेवली होती. "अरे वा भाभी, क्या हाइट है! खिलाती क्या हो?" तू हसली नाहीस. हात पसरलास. खाली बोटं नव्हतीच, सगळी एकसारखी सावली. मग एक पिशवी फाडून माती झटकलीस. वर हातभर शेंडा, खाली कोथिंबिरीच्या काडीसारखी मुळं. "खाल्लंय भरपूर, अंगी काही लागलं नाही," म्हणालीस. "शेठ, ही बघायची रोपं आहेत, लावायची नाहीत. यंदा दुसरीकडून घ्या." ते गेल्यावर तू वळलीस. "गोणपाट कुणी बांधलं?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी पिशव्यांकडे पाहत राहिले. ती बोलली असती तरी घरच्या पोरीविरुद्ध आपलं कोण ऐकणार, हे तिला ठाऊक असावं. आम्ही दोघी गप्प, आणि तू त्या गप्प राहण्याचा तुला सोयीचा अर्थ लावलास. "पाच वर्षं झाली तुला इथे, एवढंही कळू नये? उद्यापासून येऊ नकोस." फाटकाशी ती मला हळूच म्हणाली, "ताय, तुला पन जरा उनात ठेवाया पायजे व्हती." रागाने नव्हे, रोपाबद्दल बोलावं तसं.

पुढे तू एकेक गोणपाट, मग एकेक झावळी काढत गेलीस. तरी निम्मी रोपं करपली. उरलेल्यांची खोडं जाड व्हायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. पाऊस लागेपर्यंत हंडे तू एकटीने वाहिलेस. एकदा ओट्यावर कंबर दाबत तू म्हणालीस, "चुकली ती; पण हात चांगला होता तिचा." तेव्हाही मी भांडी विसळत राहिले. त्यानंतर तू बरीच वर्षं होतीस. रोज सांगता आलं असतं.

आता तू नाहीस, त्यालाही खूप वर्षं झाली. ती बाई मात्र आहे. फार थकली आहे, असं तिच्या वाडीवरून भाजी घेऊन येणारी एकजण सांगत होती. तिला वाचता येत नाही, तेव्हा पत्राने भागणार नाही. जाऊन समोर उभं राहावं लागेल. रिक्षाने तासाभराची वाट आहे. मी सकाळपासून तुलाच लिहीत बसले आहे, कारण तू काही विचारणार नाहीस.