सत्तावीस प्लेटा, सत्तावीस सारख्या

१२ जानेवारी १९८८, मंगळवार
ताईची नंदिनी सकाळी घाटकोपरहून थेट माझ्याकडे मुलुंडला. एम.ई.चा प्रबंध फेब्रुवारीअखेर गेला नाही तर लेक्चररची जागा गेली. ताई म्हणे, "तुझी मावशी जन्मभर सरकारी आकडेच जुळवत होती, तिला सांग." रिटायर झाले म्हणजे मी सार्वजनिक नळ झाले.
विषय वेल्डिंग. करंट किती, रॉड किती वेगाने फिरवला, दोन प्लेटांत फट किती, यावरून जोड आत किती खोल जाईल ते आधीच सांगणारं समीकरण. तिन्हींच्या तीन-तीन पातळ्या, म्हणून सत्तावीस प्लेटा. इथल्याच एका वर्कशॉपमध्ये वेल्ड केल्या, कापल्या, खोली मोजली. तक्ता मात्र सुरेख अक्षरात. तेवढं बरं.

१५ जाने., शुक्र.
तीन दिवस कॅल्क्युलेटर बडवतेय. करंट ८० असो की १२०, खोली जवळजवळ तीच. म्हणजे गॅस बारीक ठेवा की मोठा, दूध एकाच वेळी उतू जाणार! पुन्हा केलं. तेच.
नं. म्हणते, "मावशी, तुझंच कुठेतरी चुकत असेल ना." माझं! चहा दिला नाही तिला. (मग दिला.)

१८ जाने., सोम.
तिचे प्रोफेसर म्हणाले, "स्टॅटिस्टिक्स सोडा, फझी लॉजिक लावा. जपानी लोक तेच करतात." झेरॉक्स घेऊन आली. वाचलं. वाईट नाही. १०० अँपिअर हा अमुक अंशी 'मध्यम', तमुक अंशी 'जास्त'. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ऐकलं असतं तर पट्टी घेतली असती, त्यांच्याकडे बरोबर किंवा चूक, मधलं काही नव्हतं. पण नियम कुठून आणायचे? 'करंट कमी तर खोली कमी' म्हणावं, तर तक्ता म्हणतो, छे. नासलेल्या भाजीला नवा मसाला.

२१ जाने., गुरु.
शेवटी स्वतः वर्कशॉपमध्ये गेले. नं.ला न सांगता. वेल्डर परब, मालवणकडचे, पंचावन्नच्या आसपास. चेहऱ्यापुढची काच वर करून म्हणाले, "काय झाला, बाई? प्लेटी वायट झाल्यो?"
म्हटलं, "उलट. सगळ्या चांगल्या कशा झाल्या?"
खूश झाले हो! "पोरीच्या चिठ्येर ऐंशी लिवलेला. ऐंशीर रॉड चिकटता. मग मी करंट जरा वाढयलंय. एकशे वीसार प्लेट फुटता, थंय कमी केलंय."
"सांगितलं नाहीत तिला?"
"त्यात काय सांगूचा? पोरगी परीक्षेक बसली हा. आणि प्लेटीर माझो पंच असा." प्रत्येक जोडाशेजारी वेल्डरने आपला नंबर ठोकायचा, अशी तिथली रीत. खराब काम नंबरासकट कॉलेजच्या कपाटात राहणार. कसं राहू देतील?
"जरा म्हणजे किती वाढवलात?"
"जरा म्हणजे जरा."
आणि नं.? मशीनवर आकडा लावून दिला की कॅन्टीनमध्ये! धुराने डोळे चुरचुरतात म्हणे.

२२ जाने., शुक्र.
सांगितलं. आधी रडली, मग भांडली. "कुणाला कळणार आहे, मावशी? फझीत सगळं खपतं."
"मला कळलंय."
"तू परीक्षक नाहीस!"
नाही. पण तिच्या सुरेख तक्त्यातला करंटचा रकाना सपशेल खोटा आहे. उद्या तेच समीकरण घेऊन कुणी बॉयलर जोडायला बसला तर?
दार आपटून गेली. माझी उन्हाची छत्रीही नेली.

२४ जाने., रवि.
आली. डोळे सुजलेले. प्रोफेसरांना पत्र लिहून आणलंय: रीडिंग चुकीची, पुन्हा घेते, मुदत द्या. इंग्रजी भिकार, मी दुरुस्त केलं. मजकुराला हात लावला नाही. फझीचे नियमही ती आता परबांनाच विचारणार. त्यांचं 'जरा' आणि 'बेताचा' प्रोफेसरांच्या झेरॉक्सपेक्षा खात्रीचं. मात्र नियम खरे की खोटे ते पडताळायला प्लेटा हव्यातच.

२६ जाने., मंगळ.
वर्कशॉपला सुट्टी. मालकाने किल्ली आणि उरलेले तुकडे दिले. परब झेंडावंदनाच्या पांढऱ्या शर्टात आले. नं. मशीनला चिकटून उभी, डोळ्यांतून पाणी, हलली नाही.
ऐंशीवर पहिली प्लेट. रॉड चिकटला. परबांचा हात आपोआप करंटच्या चाकाकडे गेला. नं. ओरडली, "काका, नको!" थांबले. दात आवळून तसंच संपवलं. जोड म्हणजे शेणाचे गोळे. त्यांनी प्लेट उलटी ठेवली.
"अशे आणखी किती?"
"आठ," नं. म्हणाली.
"देवा रे." दुसरा तुकडा उचलला.
संध्याकाळपर्यंत सात झाल्या. जोडांची खोली अजून मोजायचीय. प्रोफेसरांना लिहिलेलं पत्र अजून नं.च्या पर्समध्येच आहे. मी विचारणार नव्हते. विचारलं, कधी देणार? "मावशी, प्लीज," एवढंच म्हणाली.