भाकर, मीठ आणि नवे पिस्तूल-शिक्षण

झरका, मंगळवार, दुपारच्या नमाजानंतर

आदरणीय मेहुणे अबू सख्र यांस,

सलाम. अल्लाह तुम्हाला उदंड आयुष्य देवो आणि तुमच्या अजलूनच्या ऑलिव्हच्या झाडांना तुमच्याहून थोडे कमी. गुडघा कसा आहे? मागच्या वेळी डावा होता की उजवा, हे मी टिपून ठेवायला हवे होते, राहून गेले. म्हणून दोन्हींची विचारपूस करतो. माझी बहीण नूफा बरी असेल. (तिला सांगा, तिने पाठवलेले पाकीट सुखरूप मिळाले. कसले पाकीट असे तुम्ही विचाराल. योग्य वेळी कळेल.) इकडे सर्व क्षेम आहे. माझे वजन मार्चपासून दोन किलो तीनशे ग्रॅमने उतरले आहे, त्याचे कारण पुढे येईलच.

तुम्हाला ठाऊकच आहे की आमच्या पलटणीचे पिस्तुलाचे मैदान एकोणीस वर्षे माझ्या हातात आहे. मी कुठल्या मोठ्या शाळेत गेलो नाही. जे शिकलो ते पुस्तके वाचून, पिस्तुले खोलून आणि लोकांच्या चुका मोजून. जुनी पद्धत सोपी होती. पंचवीस मीटरवर गोल निशाण, आडवे उभे राहायचे, डावा हात कमरेमागे, उजवा लांब करून दहा गोळ्या आणि वेळेचे बंधन नाही. एकदा एक जवान सातव्या आणि आठव्या गोळीच्या मध्ये चहा पिऊन आला होता. (त्या आठव्या गोळीला पूर्ण गुण मिळाले, ही गोष्ट वेगळी.)

तर मार्चमध्ये कॅप्टन यारूब परदेशातले सहा महिन्यांचे शिक्षण आटोपून परत आले. मुलगा हुशार आहे, एकोणतीस वर्षांचा, पुढच्या महिन्यात लग्न आहे. आल्या आल्या म्हणाले, "अबू वस्फी, लढाईत शत्रू पंचवीस मीटरवर गोल होऊन उभा राहत नाही." मला हे पटले. मी तसे बोलून दाखवले नाही, पण पटले. नव्या पद्धतीत पिस्तूल म्यानातून काढायचे, दोन्ही हातांनी धरायचे, चालत, गुडघ्यावर बसून, खोक्याआडून मारायचे, मध्येच गोळ्यांची पेटी बदलायची आणि हे सगळे शिट्टी वाजवणाऱ्या घड्याळावर. (आधी सगळे मी स्वतः करून पाहिले, वजन उतरले ते तिथेच.) कॅप्टनसाहेबांनी आणलेले एकशे बारा पानांचे पुस्तक मी शब्दकोश घेऊन तीन आठवड्यांत वाचले. त्यात दोन चुका सापडल्या. शिवाय साहेबांनी पावलांनी आखलेली सात मीटरची रेघ मी फीत लावून मोजली तर सहा मीटर ब्याण्णव भरली. मी ती रात्रीतून हलवली नाही, सकाळी त्यांच्यासमोरच हलवली. तेव्हापासून ते मला मानतात.

हा सगळा भाग आमच्या मुलांनी भराभर उचलला. (फक्त लग्नात आनंदाने हवेत बार काढून नेम शिकलेल्यांना नळी आकाशाकडून खाली आणायला चार दिवस लागले.) खरी अडचण आली ती निर्णयाच्या निशाणांची. नव्या पद्धतीत माणसाच्या उंचीचे फोटो गर्रकन समोर फिरतात. एकाच्या हातात पिस्तूल असते, दुसऱ्याच्या हातात काहीतरी निरुपद्रवी. पहिल्याला मारायचे, दुसऱ्याला सोडायचे आणि त्यासाठी दीड सेकंद. साहेबांनी बाहेरून फोटो आणले होते. सोनेरी केसांचा, चामडी जाकीटवाला एक इसम. घड्याळ वाजले, तो फिरला आणि आमचे जवान त्याच्याकडे बघतच राहिले. विचारले तर म्हणाले, "साहेब, हा पेत्रा बघायला आलाय. हातात कॅमेरा असेल. पाहुण्याला कसं मारायचं?"

म्हणून ठरले की फोटो आपल्याच माणसांचे हवेत. फोटो काढायला पलटणीत कोण, तर अर्थातच मी. (कॅमेराही मी आपला आपणच शिकलो आहे.) हाताशी जी माणसे सापडली त्यांचे काढले. शत्रू म्हणून आमचा स्वयंपाकी श्तैवी उभा राहिला, कारण त्याची छाती रुंद आहे आणि निशाण म्हणून रुंदी सोयीची. निरुपद्रवी म्हणून रजेचा कारकून अतल्ला, हातात कॉफीची किटली. प्रकाश उत्तम, चेहरे स्पष्ट, एकही फोटो हललेला नाही. चूक झाली ती अशा जागी, जिथे फीत लागत नाही.

शंभर जवानांची चाचणी घेतली, प्रत्येकी दोन गोळ्या. घड्याळ वाजले, श्तैवी फिरला आणि पहिलाच जवान पिस्तूल खाली करून त्याला "सलाम अलैकुम" म्हणाला. दुसरा नुसताच उभा. कॅप्टनसाहेब ओरडले, "अरे मार! तो शत्रू आहे!"

"साहेब, काल ह्यानं मला दुसऱ्यांदा भात वाढलाय."

"तो कागद आहे, गाढवा!"

"कागद आहे हे डोळ्यांना कळतंय साहेब. पोटाला कोण सांगणार?"

आता हे तुम्हाला मी समजावून सांगायला नको. ज्याची भाकर आणि मीठ खाल्ले त्याच्यावर हात उचलायचा नाही, हे आपल्याकडे मूल दूध सोडते तेव्हापासून शिकते. शंभर जणांनी मिळून श्तैवीला चार गोळ्या मारल्या, चारही उजव्या कानाला. आणि निरुपद्रवी अतल्ला, ज्याला मारायचेच नव्हते, त्याच्या छातीत मी स्वतः एकशे शहाऐंशी भोके मोजली, सगळी बशीएवढ्या जागेत. साहेबांनी ती बशी जवळ जाऊन न्याहाळली. मग हळूच म्हणाले, "असा नेम मी परदेशातही पाहिला नाही." अतल्लाने ज्यांची ज्यांची रजा अडवली होती, त्या सर्वांची सही तिथे होती म्हणा ना.

संध्याकाळी श्तैवी हातात डाव घेऊन मैदानावर आला. "कानवाले चार कोण?" एवढेच विचारले. नावे कोणी सांगितली नाहीत, पण दुसऱ्या दिवशी चौघांच्या ताटात नुसती हाडे होती. स्वयंपाक्यांना कसे कळते ते अल्लाह जाणे.

मी म्हटले, मुलांना करून दाखवावे लागेल. मी रेघेवर उभा राहिलो, पाय खांद्याइतके फाकवून, पुस्तकातल्या चौदाव्या पानाप्रमाणे. घड्याळ वाजले. पिस्तूल एक पूर्णांक एक दशांश सेकंदात बाहेर आले, हे घड्याळातही नोंदले आहे. समोर श्तैवी आणि शेजारी अतल्ला. श्तैवीच्या हातची मसूर मी एकोणीस वर्षे खातो आहे. माझा हात चळला असे कोणी म्हणेल तर ते खोटे. हात स्थिर होता. हाताने आपला निर्णय घेतला. अतल्लाला दोन गोळ्या, बरोबर मध्ये. (मागच्या रमजानला त्याने माझी तीन दिवसांची रजा नामंजूर केली होती. त्याचा याच्याशी संबंध नाही.)

तुम्ही म्हणाल, मग दोघांची अदलाबदल करायची. केली. पिस्तूल अतल्लाच्या हातात, किटली श्तैवीच्या. शंभरपैकी शंभर उत्तीर्ण! पण अतल्ला आला, त्याने स्वतःची भोके मोजली आणि सर्वांच्या रजा रद्द केल्या, कॅप्टनसाहेबांची लग्नाची रजा धरून. साहेब स्वतः त्याचा फोटो खाली उतरवायला खिळे उपटत होते. मग बाजारातला कुनाफेवाला उभा केला, तर अर्धी पलटण त्याच्याकडे गोड, पाकातला कुनाफा खाल्लेली. शेवटी साहेब माझ्याकडे रोखून बघायला लागले. माझाही फोटो लावून पाहिला. निकाल इथे लिहीत नाही. निशाण वाऱ्याने फाटले अशी नोंद मी केली आहे.

हे सगळे गमतीचे वाटेल, पण रविवारी ब्रिगेडियरसाहेब तपासणीला येत आहेत. शंभरात ऐंशी उत्तीर्ण झाले तर नवे शिक्षण आमच्या मैदानावर राहील आणि मैदान माझ्याकडे. नाही झाले तर ते दुसऱ्या पलटणीला जाईल आणि मी वाळवंटातल्या घोंगड्यांच्या कोठारात. घोंगड्या मोजायला माझी ना नाही, मी उत्तम मोजेन. पण एकोणीस वर्षे माणसाला श्वास कुठे रोखायचा हे शिकवल्यावर घोंगडीला काय शिकवणार? साहेब म्हणाले, "अबू वस्फी, असा चेहरा शोधा, ज्याचं कुणी खाल्लेलं नाही आणि ज्याच्यावर कुणाचा राग नाही." मी तीन रात्री विचार केला. जॉर्डनमध्ये असा माणूस सापडणे कठीण.

असो. माझी चिंता करू नका, उपाय निघाला आहे. गुडघ्याला कोमट तेल लावा, तुमच्याच घाण्यावरचे. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
फलाह (अबू वस्फी)

ता. क. सोबत एक छापील अर्ज आहे. दोन ठिकाणी खुणा केल्या आहेत, तिथे सही करून अजलूनच्या मिनीबसवाल्याच्या हाती गुरुवारपर्यंत परत पाठवा. साधा अर्ज आहे.

दुसरा ता. क. तुम्ही सहीपूर्वी प्रत्येक ओळ वाचता हे माझ्या लक्षात आले, म्हणून सांगून टाकतो. ती तुमच्या फोटोची संमती आहे. नूफाच्या पाकिटात तोच होता. ईदला आम्ही अकराजण आलो होतो, तेव्हा तुम्ही दारात एक हात पुढे करून "अरेरे, आत्ताच संपलं" म्हणत होता, तो. मी हातात फक्त पिस्तूल चिकटवले. चेहऱ्याला काहीही करावे लागले नाही. पलटणीत अजलूनकडचे तेहेतीस जवान आहेत, त्यातले पाच तुमच्या भावकीतले. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारले, अबू सख्रकडे कधी काही खाल्लेस? कुणी पाणीसुद्धा प्यायलेले नाही. (कोठीची किल्ली तुमच्या कमरेला, यात नूफाचा दोष नाही.) आणि राग म्हणाल तर कुणाचाच नाही. सगळे म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे, फक्त वेळ जुळून येत नाही."

तिसरा ता. क. खरे तर काल तुमची चाचणी झाली. शंभरात त्र्याण्णव! उरलेले सात प्रामाणिकपणे चुकले, दयेने नव्हे, त्यांना मी सुधारेन. साहेबांनी माझा हात हातात घेतला. मेहुणे, इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यासाठी एवढे कधी केले नव्हते.

चौथा ता. क. (बुधवार सकाळ. पाकीट बंद करता करता नूफाचा फोन आला.) तिने तुम्हाला सगळे सांगूनच टाकले म्हणे, आणि तुम्ही रागावण्याऐवजी आरशासमोर उभे राहून हात पुढे करून बघितलात. इथवर छान. पण ती म्हणते, तुम्ही दोन कोकरे विकत घेतली आहेत आणि रविवारी सकाळीच ती शिजवून, दह्याच्या रश्शासकट, सगळ्या पलटणीला जेवायला घालणार आहात! अबू सख्र, तुमच्या पाया पडतो. या, जरूर या, पहिल्या ओळीत खुर्ची ठेवतो. कोकरे तपासणीनंतर कापा, तीन कापा, मी स्वतः वाढायला उभा राहीन. पण रविवारी दुपारी बारापर्यंत कुणाला एक खजूरसुद्धा देऊ नका. लग्नापासून बावीस वर्षे सांभाळलेत, आणखी चार दिवस सांभाळा.