बिनमुठीचं स्वयंपाकघर

नागपूर
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
श्रुतिकाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर मी काहीही बोलले तरी तुम्ही हौ हौ करता आणि फोन आईकडे देता. मागच्या खेपेला मी पडशानं बेजार आहे असं म्हणाले, तर तुम्ही छान छान म्हणालात. तीस वर्षं करवतीच्या मशीनपाशी उभं राहून कान गेले ते गेले, पण कानात घालायचं यंत्र मी खिळ्यांच्या डब्यात ठेवायला आणून दिलं नव्हतं. म्हणून आता महत्त्वाचं सगळं पत्रानंच कळवणार.

महत्त्वाचं असं की कंपनी मला एप्रिलपासून हैदराबादला पाठवते आहे. मी मार्चअखेरपर्यंत उत्तराची मुदत मागून घेतली, कारण आपल्या शाळेच्या अहिल्याबाईंनी त्यांच्या नव्या घराचं स्वयंपाकघर करायला दिलंय. कंपनीला नाही, मला. हे काम नीट उतरलं तर मी बालाघाटला परत येऊन आपल्या कारखान्याच्या पुढच्या खोलीत स्वयंपाकघरांचं दुकान टाकणार. नाही उतरलं तर मुकाट्यानं हैदराबाद.

सोबत नकाशे आहेत, नीट लक्ष देऊन पाहा. फ्रीज आणि भांडी धुण्याचं मशीन तुम्ही कराल त्या सागाच्या दारांमागे लपेल. ओव्हन भिंतीत बसेल, त्याची काळी काच तेवढी दिसेल. बाकी सगळं एकसंध लाकूड, आणि एकाही दाराला हँडल नाही. ड्रॉवर जरासे दाबले की आपोआप पुढे येतात. भांड्यांच्या मशीनच्या दारावर दोनदा टकटक केलं की ते उघडतं. फ्रीजचं दार मात्र असं उघडत नाही, त्याच्या रबराची पकड घट्ट असते, म्हणून त्याच्या कडेला दोन बोटं जातील एवढी खाच काढायची आहे. हँडल का नको ते बाईंनी मला सांगितलं आहे आणि कुणाला सांगणार नाही असा शब्दही घेतला आहे. तेव्हा विचारू नका.

ही दारं मला इथल्या कारखान्यातूनही मिळाली असती. पण फळीवर हात फिरवून डोळे मिटून घेणारं तिथे कुणी नाही. माझ्या पहिल्या कामाला मला तुमचाच हात हवा आहे.

आईला नमस्कार. तुमच्या पत्राची वाट पाहते, आणि यंत्र कानात जाण्याचीही.

तुमची,
श्रुतिका


बालाघाट
१३ जानेवारी २०२५

चि. श्रुतिका हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं, शेजारच्या राजेंद्रला एकदा, आणि लाकडाच्या डेपोतल्या मुनशीला वेळ नव्हता तरी त्यालाही अर्धं ऐकवलं. तू परत यायचं म्हणतेस तो भाग मी त्यांना सांगितला नाही. आधी काम होऊ दे.

नकाशे टेबलावर पसरले आणि दिवसभर दुसऱ्या कामाला हात लावला नाही. उस्ताद डोमाजींच्या हाताखाली मी सात वर्षं काढली, पण त्यांनाही इतकं स्वच्छ मांडता आलं नसतं. कुठे सुताचाही फरक नाही. माझा ऊर भरून आला, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुझ्या आईचा मात्र एकच सवाल आहे, की फ्रीज लपवाचाच होता तं घेतला काहून. टकटक केल्यावर उघडणारं मशीन तिला फार आवडलं. ते तुह्या बाबापेक्षा बरं ऐकते, असं तिचं म्हणणं पडलं.

आता मुठीचं, म्हणजे तुझ्या हँडलचं. माझ्या हातचं एकही कपाट आजवर बिनमुठीचं गेलेलं नाही. घरच्या बाईच्या हातात घट्ट कणकेचा गोळा द्यायचा, तिनं मूठ आवळली की तो ठसा समोर ठेवून शिसवाची मूठ कोरायची, ही माझी चाल तू लहानपणापासून पाहिली आहेस. बैहरपासून गोंदियापर्यंत लोक अंधारात हात लावून सांगतात की हे कपाट भोजराजचं. अहिल्याबाईंनी मला त्रास नको म्हणून नाही म्हटलं असेल. मोठ्या मनाची माणसं अशी भीड धरतात. गुरुवारी कणीक घेऊन जातो आणि माप घेऊन येतो. शब्द तू दिला आहेस, मी नाही.

थंडी आहे, कानाला रुमाल बांधत जा. आमची माया तुझ्या पाठीशी आहेच, तू फक्त वेळेवर जेवत जा.

तुझा,
बाबा


बालाघाट
१८ जानेवारी २०२५

चि. श्रुतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर शेजारच्या मयुरीचं आहे, मजकूर माझा. असं का, ते तुला ठाऊक आहे. दर रविवारी माझ्या ओसरीवर तुम्हा मुलांना मराठी अक्षरं गिरवायला शिकवली, कारण शाळेत सगळं हिंदीत चालायचं. तुझा ‘क्ष’ मी अकरा वेळा पुसायला लावला होता. त्याच हाताची बोटं आता संधिवातानं मिटत नाहीत. पेन धरवत नाही, कपाटाचं हँडल ओढवत नाही. ही गोष्ट मयुरीला आणि तुला सोडून गावात कुणाला माहीत नव्हती. निवृत्त झाले तरी मी मुख्याध्यापिका आहे, मला कुणाची कीव नको आहे.

परवा तुझे वडील आले. मला काही नको असं मी तीन वेळा सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा हसून मान हलवली आणि माझ्या हातात कणकेचा गोळा ठेवून मूठ आवळायला सांगितली. गोळा खाली पडला. ते माझ्या बोटांकडे पाहत राहिले, आणि मी त्यांना दार दाखवलं.

बोटांची परीक्षा घ्यायला ते आपण होऊन आले असतील हे मला पटत नाही. तू घरी सांगितलंस, असंच मी धरून चालते. काम थांबव. तुझे नकाशे मयुरी पाठवून देईल.

तुझ्याबद्दल वाईट वाटतं आहे, हेही लिहून ठेवते.

अहिल्या


नागपूर
२३ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

बाईंचं पत्र आलं. काम गेलं, बाबा. तुम्ही काय केलंत ते तुम्हाला आता कळलंच असेल, तरी लिहिते. बाईंची बोटं मिटत नाहीत. हँडल नको ते फॅशन म्हणून नाही आणि तुमच्या भिडेखातरही नाही. ज्यांनी आम्हाला पेन धरायला शिकवलं त्यांना पेन धरता येत नाही, हे गावानं पाहू नये एवढंच त्यांचं मागणं होतं. मी ते राखलं. आईलासुद्धा बोलले नाही. आणि तुम्ही कणीक घेऊन गेलात!

मी त्यांना लिहिलं आहे की माझ्या तोंडून अक्षरही गेलेलं नाही. त्यांचा विश्वास बसेल का ते माहीत नाही. मी खूप चिडले आहे. तुम्ही मुद्दाम कुणाचं मन दुखवणार नाही हेही मला माहीत आहे, त्यामुळे धड चिडताही येत नाही.

आता कृपा करून काही करू नका. त्यांच्याकडे जाऊ नका. मी हैदराबादची तयारी करते.

तुमच्यावर रागावलेली आणि तरीही तुमचीच,
श्रुतिका


बालाघाट
२ फेब्रुवारी २०२५

चि. श्रुतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

जाऊ नका म्हणालीस, पण मी गेलो. खिळ्यांच्या डब्यातलं यंत्र काढलं, कानात घातलं, आणि मगच गेलो. बाई अर्धा तास बोलल्या. मी शब्दन् शब्द ऐकला. फार दिवसांनी कुणाचं इतकं सगळं ऐकलं, आणि सगळं खरं होतं. मग मी सांगितलं की माझ्या पोरीनं घरात चकार शब्द काढला नाही, तिनं पत्रात विचारूसुद्धा नका असं लिहिलं होतं. पत्र बरोबर नेलं होतं. बाईंनी ते स्वतः वाचलं. मग म्हणाल्या की ‘क्ष’ अजून छान काढते.

आता तुझी चूक ऐक. तिथेच नकाशा उघडला होता. फ्रीजच्या खाचेत दोन बोटं वाकवून घालायची, तेव्हा दार येणार. पोरी, जी बोटं मिटत नाहीत ती वाकतील कशी? हँडल काढलंस, पण पकड तशीच ठेवलीस. मी हे बाईंना बोललो. त्यांनीच मग विचारलं की कणीक आणली आहे का. आणली होती. तुझी आई म्हणे, असू द्या पिशवीत. बाईंनी हात उघडाच ठेवला आणि करंगळीकडची कड मनगटापर्यंत गोळ्यात रोवली. इतकं सरळ माप मला आजवर कुणी दिलेलं नाही.

त्या ठशावरून मला असं सुचतं, की दाराच्या कडेला सागाची जाड पट्टी जोडावी आणि वरपासून खालपर्यंत ती आतून उतरती रंधून घ्यावी. हाताची कड नाही तर मनगट, काहीही आत सरकवावं आणि दार यावं. पण नकाशा तुझा आहे. तुझी सही आल्याशिवाय मी रंधा लावणार नाही.

बाईंनी काम चालू करायला सांगितलं आहे. मी चुकलो होतो, त्याची माफी पोरीपाशी मागायलाही मला कमीपणा वाटत नाही.

तुझा,
बाबा


नागपूर
७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात बसून रडले आणि मग टेबलावर नकाशा नव्यानं काढला. चूक माझीच. चार वर्षं मी लोकांच्या ओट्यांची मापं घेतली, हाताचं माप एकदाही घेतलं नाही. नवी कड तुमच्या सांगण्याप्रमाणे आखली आहे, खाली माझी सही आहे. सहीच्या शेजारी एक जागा रिकामी ठेवली आहे. तिथे तुमची सही करा आणि एक प्रत बाईंना द्या. वीस तारखेला आठ दिवसांची रजा काढून बसवायला येते.

साहेबांनी नकाशा पाहून ही कड कुणी सुचवली असं विचारलं. मी सांगितलं, माझ्या वडिलांनी. इतक्या मोठ्यानं सांगितलं की अख्ख्या मजल्यानं वळून पाहिलं.

आईच्या पिशवीतल्या कणकेला माझा वेगळा नमस्कार.

तुमची,
श्रुतिका


बालाघाट
९ मार्च २०२५

चि. श्रुतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मयुरीचं, मजकूर माझा. रजा संपली म्हणून तू वास्तुपूजनाला थांबली नाहीस, तेव्हा काय झालं ते सांगायलाच हवं.

मलाजखंडच्या खाणीतल्या इंजिनियरांच्या बायका आल्या होत्या. त्यांच्यातली पौर्णिमा श्रीखंडाचं पातेलं घेऊन फ्रीज शोधत फिरली. तिनं मसाल्याचा ड्रॉवर उघडला, धान्याचं कपाट उघडलं, शेवटी मला विचारलं की बाई, फ्रीज माहेरी पाठवला काय. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले, मनगट कडेला लावलं आणि दार ओढलं. मग कोपरानं ड्रॉवर उघडून चमचे दिले. भांड्यांच्या मशीनवर दोनदा ठोठावलं. पाच वर्षांत प्रथमच माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यांना मी माझ्या हातानं काढून दिलं, मयुरीच्या नाही.

सगळ्या पाहतच राहिल्या. त्यांनी विचारलं की हे असं कुणाचं डोकं. तेव्हा मी माझे दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले आणि सगळं सांगून टाकलं. कुणी कीव केली नाही. पौर्णिमाच्या सासूबाईंना हाच आजार आहे, तिनं तिथल्या तिथे तुझा पत्ता लिहून घेतला. तिच्यामागून आणखी दोघींनी घेतला.

तुझे वडील दाराशी उभे होते. फ्रीज उघडला तेव्हा ते दाराकडे नाही, माझ्या हाताकडे पाहत होते. मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं की तुमची लेक माझी विद्यार्थिनी आहे. ते म्हणाले की बाई, मीबी आता तिचाच विद्यार्थी हाओ. यंत्र कानात होतं.

तुझ्यावर संशय घेतला, तो मागे घेते. तुझ्याइतकं स्वच्छ काम माझ्या कुठल्याच वर्गानं मला दाखवलं नव्हतं.

तुझी,
अहिल्याबाई


बालाघाट
१५ मार्च २०२५

चि. श्रुतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

हैदराबादला नकार कळवलास हे तुझ्या आईकडून समजलं. मला आधी का सांगितलं नाहीस म्हणून रुसणार होतो, पण वेळ मिळाला नाही. पुढची खोली रिकामी करायची होती. जुन्या फळ्या हलवल्या, भिंतींना चुना दिला. काल पौर्णिमाबाई येऊन गेल्या. त्यांच्या सासूबाईंचं माप मी घेणार नाही असं त्यांना सांगितलं आहे. ते माझी लेक घेईल, कणीक मी नेईन.

दुकानाचं दार तयार आहे. साग हट्टा गावाहून, माझ्या भावाच्या बांधावरचा, चार वर्षं वाळलेला. पालिश सुकलं. आता या दाराला मूठ असावी की नसावी यावर तुझ्या आईचं आणि माझं दोन दिवस वाजलं. ती म्हणते, बिनमुठीच्या घरांचं दुकान हाये, तं मूठ कायले पाहिजे. मी म्हणतो, ज्याला जशी हवी तशी द्यायची, हेच तर आपण शिकलो. तुझी बोटं मिटतात. तुझ्या दाराला मूठ लागणार.

शिसवाचा तुकडा कापून ठेवला आहे. पण तुझ्या हाताचं जे माप माझ्यापाशी आहे ते तुझ्या पुस्तकांच्या कपाटाचं, तू आठवीत होतीस तेव्हाचं. काल त्या मुठीवर हात ठेवून पाहिला. फार लहान आहे. तू येईतोवर दाराला नुसती दोरी बांधून ठेवली आहे.

आता पत्र लिहीत बसू नको. गाडीनं गोंदिया सोडलं की फोन कर, तुझी आई कणीक मळायला घेईल. फोन मीच उचलणार आहे.

वाट पाहणारा,
बाबा