नेरेइदाच्या पाट्या

रविवार, ५ मे

आज पाटी आली! नातीने, यानिल्दाने वाचून दाखवली. इथे उतरवून ठेवते —

"आई, तुझा गुडघा कसा आहे? सुजला तर मिठाच्या पाण्याने शेक, वाळूत चालू नकोस. यानिल्दाचा दमा? बियेनवेनीदोकाकांचा खोकला? पांढरी कोंबडी अंडी देते की नुसती मिरवते? मी बरी आहे. काम मिळालंय. लवकर लिहा. — नेरेइदा."

नुसती मिरवतेच मेली!

लेकीला होडीने पुएर्तो रिकोला जाऊन तीन महिने होतील. फोन करत नाही — कागदपत्रं नाहीत, पकडतील म्हणे. पण ती हॉटेलात कामाला होती तेव्हा तिने नि यानिल्दाने, या मायलेकींनी फोनवरच्या त्या गेममध्ये समुद्राकाठी निळं घर बांधलं होतं. त्याच्या भिंतीवर लाकडी पाट्या लावता येतात. आता दर रविवारी एक पाटी. उत्तर मी सांगते, नात लिहिते. त्या होडीतल्या बाकीच्यांच्या घरी अजून काही कळलेलं नाही. आम्ही नशीबवान.

मंगळवार, ७ मे

गेमवाल्यांचा निरोप. हा खेळ तेरा वर्षांपुढच्यांसाठी आहे. वयाचा पुरावा द्या, नाहीतर यानिल्दाचं खातं बंद.

पोर चौदाची, तरी तोंड एवढंसं!

"जन्मदाखला पाठव की."

"नको गं आजी. थांब जरा, मी बघते काहीतरी."

"खऱ्याला कसली भीती?"

ट्रंकेतून मीच काढला. फोटो पाठवायला लावला.

शुक्रवार, १० मे

खातं बंद. कायमचं! दाखल्यावर पोर बाराची आहे.

हे माझंच पाप. विसरून गेले होते मी! पोर घरातच जन्मली, सुईणीच्या हातावर. नोंदवायला कोण धावतंय? दोन वर्षांनी नेरेइदाला घेऊन कचेरीत गेले तर कारकून म्हणाला, उशिराच्या नोंदीला बाप्तिस्म्याचा कागद आणा, साक्षीदार आणा, सुईणीची सही आणा. सतरा हेलपाटे! रांगेतली एक बाई कानाशी लागली, "मागच्या महिन्यात झाली म्हणा. इथे सगळे तेच करतात." नेरेइदाला खोटं जमेना, नुसती लाल झाली. मग मीच बोलले. एका वाक्यात पोरीची दोन वर्षं गिळली.

यानिल्दा रडली — किती रडली! "आता मी कुठे लिहू, आजी? कुठे लिहू?" एकच धोशा. मी म्हटलं, आपण उत्तर दिलं नाही तरी तुझी आई लिहीलच. तर आणखीच हुंदके.

रविवार, १२ मे

हिरवी केळी उकडून कुस्करली. तशीच पडून राहिली.

गुरुवार, १६ मे

दाखला दुरुस्त करायला कचेरीत गेले. गुडघ्याने रस्ताभर शिव्या घातल्या. कारकून नवा, मिसरूडही धड फुटलेलं नाही.

"मावशी, हे कोर्टाचं काम. सुईणीला आणा."

"सुईण वारली, बाबा."

"मग बाप्तिस्म्याचा कागद."

"वादळात चर्चचं छप्पर उडालं. वह्या भिजून लगदा झाल्या."

"मग वर्षभर कळ काढा! पोर आपोआप तेराची होईल."

अख्खी रांग हसली. मीही हसले. काय करते!

घरी येऊन सांगितलं. यानिल्दा कोंबडीला दाणे टाकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोड ना आजी. आई बरी आहे तिकडे."

रविवार, २६ मे

आज मातृदिन, आमच्याकडचा — मेचा शेवटचा रविवार. माझ्या मनाने घेतलं, आज तिने लिहिलंच असणार. तिचं खातं कुठे बंद आहे?

यानिल्दाला न सांगता बियेनवेनीदोच्या किराणा दुकानात गेले. त्याची मुलगी मार्लेनी तोच गेम खेळते.

"दाखव गं पोरी ते निळं घर."

दिसलं. कडेला जास्वंदीही लावलीय दोघींनी. नवी पाटी मात्र नव्हती.

मार्लेनी म्हणाली, "आजी, पाटीवर बोट ठेवलं ना, की कुणी लावली ते कळतं. तारीखही येते."

"ठेव."

नेरेइदा. नेरेइदा. नेरेइदा. तिची शेवटची नऊ फेब्रुवारीची. होडी सुटली अकराला.

"पोहोचले गं आई, काळजी करू नकोस" — यानिल्दा.

गुडघ्याची — यानिल्दा. कोंबडीची — यानिल्दा. होडी सुटल्यानंतर आलेल्या बाराच्या बारा — यानिल्दा.

बियेनवेनीदोने डोक्यावरची टोपी काढली. "मावशी…"

"सहा अंडी दे," मी म्हटलं. "आमची कोंबडी देत नाही."

सोमवार, २७ मे

नातीच्या शाळेच्या वहीत चिठ्ठी ठेवली. अक्षर वाकडंतिकडं, पण माझ्या हातचं —

"यानिल्दा, दमा कसा आहे? झोप लागते का? पोटभर जेवतेस का? एवढं ओझं एकटीने वाहिलंस, खांदे दुखत असतील. माझा गुडघा बरा आहे. मी पाट्यांवर बोट ठेवून पाहिलं. आता माझ्यासाठी ‘मी बरी आहे’ असं लिहू नकोस. तुझं खरं लिही. लवकर लिही. — आजी."